सिद्रामप्पा टेलरची तोफ

मेजर अण्णाराव बंद खोलीत बाहुल्या मांडतात आणि म्हणूनच पाऊस पडत नाही, ही बातमी लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे आमच्या गोल बाजारात, पहिल्यांदा कोणी आणली ते मी सांगणार नाही. माणूस अजून हयात आहे आणि माझ्याच गल्लीत राहतो. शिवाय त्याने ती माझ्याकडूनच ऐकली होती, असंही काही लोक म्हणतात.

साल ब्याऐंशी. ऑगस्टात लातूरचा जिल्हा झाला. बँड वाजला, बुंदी वाटली, आणि ज्यांना उस्मानाबादेला जाऊन कागदावर शिक्का मारून आणायची सवय होती ते आता शिक्का गावातच मिळणार म्हणून उगीचच खूश झाले. जिल्हा आला आणि पाऊस गेला. पुढच्या उन्हाळ्यात आडांचे तळ दिसायला लागले, टँकर आला की बायका घागरी घेऊन अशा पळायच्या की ऑलिम्पिकवाल्यांनी येऊन बघावं. अशा दिवसांत औसा रोडवरच्या बंगल्यात एक माणूस खिडक्या लावून घेतो, मोठ्या टेबलावर शेकडो इवल्या बाहुल्या उभ्या करतो आणि मधूनच ओरडतो, 'मेला, उचला त्याला', म्हटल्यावर लोकांनी दुसरं काय समजावं?

खरी गोष्ट अशी होती. मेजरसाहेब मूळचे लोह्याकडचे. फौजेत असताना कसल्याशा कोर्ससाठी विलायतेला गेले आणि परतताना लोकांनी ट्रांझिस्टर आणला, यांनी शिशाचे सैनिक आणले. पुरी एक पेटी. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा एकेक सैनिक. लाल कोटातले कंपनी सरकारचे शिपाई, दाढीवाले अरब, घोडेस्वार, तोफा, तोफा ओढणारे बैल, एक हत्तीसुद्धा. पेन्शनीत आल्यावर नवा जिल्हा भरभराटीला येणार म्हणून त्यांनी लातुरात बंगला बांधला आणि सगळ्यात मोठी खोली या खेळाला दिली. टेबल पिंगपाँगच्या टेबलाएवढं. त्यावर पांढऱ्या मातीची एक गढी, स्वतःच्या हाताने बनवलेली. गढी त्यांच्या मनातली होती, इतिहासात शोधू नका. कंपनीच्या पलटणीने चाल करून यायचं, गढीवाल्यांनी आठ फेऱ्या टिकायचं. आठव्या फेरीनंतर बुरुजावर निशाण असलं तर गढी जिंकली.

माणसं इंचावर चालायची. पायदळ फेरीला सहा इंच, घोडा बारा. बंदुकीला फासे. पण तोफेचा कायदा वेगळा होता आणि सगळी गंमत त्यातच होती. तोफ उडवणाऱ्याने आधी तोंडाने अंतर सांगायचं, टेप नंतर लावायचा. 'बावीस' म्हणालात तर गोळा बावीस इंचांवर पडणार. तिथं शत्रू असो की चिंचेचं झाड. एकदा बोललेला आकडा परत नाही. मेजरसाहेब वीस वर्षं फौजेत राहून दहातले सात गोळे वाया घालवायचे. त्यांचे जोडीदार सिद्धेश्वर वकील दहाच्या दहा.

खोलीत चार खुर्च्या होत्या, दोन गढीच्या बाजूला, दोन कंपनीच्या. मेजरचा नियम होता, जो सैन्य चालवतो तो खुर्चीवर, बाकीच्यांनी उभं राहायचं. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसायचो. त्याला उभं राहणं म्हणतात की बसणं यावर वकिलांनी एकदा अर्धा तास युक्तिवाद केला होता.

या खोलीत सिद्रामप्पा टेलर आला तो टेबलावर अंथरायचं कापड घेऊन.

सिद्रामप्पा उदगीरच्या बाजूचा, शिवशिंपी. दहाव्या वर्षी लातुरात मामाच्या मशिनीवर काजं करायला बसला, तो अठ्ठावन्नाव्या वर्षी गोलाईच्या मागच्या बोळात स्वतःच्या मशिनीवर होता. गळ्यात इष्टलिंग आणि त्यावर इंचाचा टेप. या दोन्हींतलं आधी काय काढतो हे त्याच्या बायकोला, कमलम्माला विचारा, असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, दोन्ही काढत न्हाई, अंघोळीला बी न्हाई.

या माणसाची नजर म्हणजे सरकारी मोजणीची साखळी. एका लग्नात मांडवाच्या कडेला उभा राहून हा हळूच म्हणाला, "नवऱ्या मुलाचा कोट छातीला दोन इंच मोठा हाय. कोट त्याचा न्हाई." शेजारी मुलीची आत्या उभी. मग काय, अक्षता पडायच्या आधी चौकशी सुरू. कोट निघाला मेव्हण्याचा, घड्याळ मामाचं आणि नोकरी पुढच्या महिन्यात लागणार होती. लग्न झालं, पण सिद्रामप्पाला त्या घरातून पुढची पाच वर्षं पायजमा शिवायला आला नाही.

तर असा माणूस. चाळीस वर्षांत गावातल्या प्रत्येक मोठ्या घरात गेला, पण त्याला कुणी 'बसा' म्हणालं नाही. ते काही दुष्टपणे नव्हे. शिंपी येतो, माप घेतो, जातो. पँटीची उंची घ्यायची म्हणजे पायाशी गुडघे टेकायचे. मामलेदार असो, अडत्या असो, सिद्रामप्पाने सगळ्यांना खालून पाहिलं. दुष्काळाच्या सालात तर नवं शिवणंही थांबलं. लग्नं पुढं ढकलली गेली. लोक जुनेच सदरे आणायचे, आत घ्यायला. अंगं वाळत चालली होती आणि हे सगळ्यात आधी सिद्रामप्पाला कळत होतं. तो कुणाला सांगत नसे.

फुरसत होती म्हणून तो मेजरकडे रेंगाळू लागला. आधी टेबलाचं कापड शिवलं, मातकट रंगाचं, चार पट्टे जोडून. मग बोटाएवढी निशाणं, तीही दुमड घालून. मग नुसताच यायला लागला. दाराशी उभा राहायचा. वकिलांनी 'एकोणीस' म्हटलं की याच्या तोंडून आवाज न होता निघायचं, 'साडेसोळा'. टेप लावला की साडेसोळा. हे मी कट्ट्यावरून पाहिलं आणि अर्थातच दुसऱ्या दिवशी गोलाईत सांगितलं.

गोलाईतून ते कमलम्माकडे गेलं. संध्याकाळी सिद्रामप्पा घरी आला की ती भाकरी थापता थापता विचारायची, "आज काय करून राहिले होते मेजरसाबाकडं?"

"बघून राहिलो होतो."

"उभ्यानं?"

"हाव."

"खुर्ची दिली न्हाई?"

"सैन्य चालवणाऱ्याला मिळते खुर्ची."

"मग चालवा की. चाळीस वर्षं माझ्यावर हुकूम चालवायचा सराव हाय तुमाला."

रोज हेच. पण तिच्या या बोलण्यात थट्टा किती आणि डंख किती हे त्याला माहीत होतं. तिचा बसवंत नावाचा भाऊ होता, इथल्याच कोर्टात शिपाई. त्याला कोर्टात स्टूल होतं. सरकारी. त्याचा उल्लेख व्हायचा.

शेवटी एका रविवारी वकिलांना कामासाठी औशाला जावं लागलं आणि सिद्रामप्पाने दाराशी उभ्यानेच विचारलं, "मेजरसाब, आजच्या दिवस तोफ मी बघू का?"

मेजर हसले. "बघ की सिद्राम. वकिलापेक्षा वाईट तर काय करशील."

खुर्चीवर बस, असं मात्र म्हणाले नाहीत. आणि सिद्रामप्पाने वकिलापेक्षा वाईट केलं. म्हणजे वेगळ्या तऱ्हेने वाईट. वकिलांचे गोळे दाही दिशांना जायचे. याचा प्रत्येक गोळा नेमका शत्रूच्या दीड इंच मागे पडायचा. पहिला दीड इंच मागे. दुसरा दीड इंच मागे. आठच्या आठ. कंपनीच्या शिपायांच्या डोक्यावरून गोळे असे जात होते जणू सलामी चालली आहे. दोन गोळे तर शत्रूच्या मागून येणाऱ्या गढीच्याच घोडेस्वारांत पडले. गढी पडली.

"राहू दे सिद्राम," मेजर टेप गुंडाळत म्हणाले. "शिंप्यानं शिवावं."

वाईट बोलले नाहीत, सहज बोलले. सहज बोललेलंच जास्त लागतं. तो त्या दिवशी टेप न विचारता उचलून घेऊन निघून गेला. टेप मेजरचा होता. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला.

घरी सगळं ऐकून कमलम्मा थोडा वेळ गप्प बसली. हे क्वचित व्हायचं, म्हणून शेजारणीने भिंतीपलीकडून कान दिला. म्हणूनच पुढचं मला माहीत आहे.

"दर वेळंला दीड इंच?"

"दर वेळंला."

"जास्त?"

"जास्त."

"अन् कापड कापताना शिवणीत माया किती ठेवता तुम्ही?"

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, पुढं अंग भरलं तर उसवायला, त्याला शिंपी माया म्हणतात. गावातले बाकीचे टेलर पाऊण इंच ठेवायचे. सिद्रामप्पा दीड. त्याच्या हातचा सदरा बापाचा पोराला आणि पोराचा परत बापाला यायचा. चाळीस वर्षं नजरेने माप घेतलं की हात आपसूक दीड इंच वाढवून कात्री लावायचा. टेबलावर कात्री नव्हती, पण जीभ तेच करत होती. दाराशी नुसतं बघताना काही कापायचं नव्हतं, म्हणून तिथं आकडा बरोबर यायचा.

"मग दीड कमी करून सांगतो," तो म्हणाला.

"तुमाला जमायचं न्हाई ते. सासूबाईच्या ब्लाउजाला बी तुमाला माया कमी ठेवता आली न्हाई." कमलम्माने तव्यावरची भाकरी उलटली. "माप घेताना चुकलाव का कधी?"

"न्हाई."

"माप घेताना वाढवता का?"

"माप घेताना कशाला वाढवू? अंगाचं असंल ते सांगायचं. वाढवायचं कापताना."

"मग कापू नका. माप घ्या. अन् उभ्यानं कुणाचं माप घेतलंय तुम्ही?"

कमलम्मा बोलून भाकरीकडे वळली. सिद्रामप्पाला कळलं, आणि कळलं ते त्याला बिलकूल आवडलं नाही. टेबलापाशी जायचं ते ताठ उभं राहायला, जमलं तर बसायला. आणि ही म्हणते गुडघे टेका.

तेवढ्यात नांदेडहून पत्र आलं.

नांदेडला एक भीमाशंकर नावाचे प्राध्यापक होते, इतिहासाचे. मेजरकडूनच नियमांची वही उतरवून नेऊन त्यांनी तिकडं हा खेळ सुरू केला होता आणि मेजरना त्यांच्याच खेळात दोनदा हरवलं होतं. पत्रात लिहिलं होतं की येत्या रविवारी आपण लातूरला येत आहोत. आता जिल्ह्याचं ठिकाण झाल्यामुळे लातुरात पाहुण्यांना प्यायला पाणी मिळेल अशी आशा आहे. मेजरनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. फौजेतली जी शिवी त्यांनी दिली तिचं मराठी मला येत नाही.

आणि शनिवारी वकिलांच्या परसात बोअरची मशीन आली. त्या सालात बोअरची मशीन म्हणजे काय, हे आता सांगून कळणार नाही. चार महिने नंबर लावून मशीन दारात आलेली, ती सोडून माणूस बापाच्या अंत्यविधीलाही गेला नसता. वकिलांनी निरोप पाठवला, दोनशे फूट झालेत, धूळच येते आहे, मी हलू शकत नाही.

रविवारी सकाळी सिद्रामप्पा मेजरच्या दारात. अंगात स्वतः शिवलेला पांढरा सदरा.

"शरणार्थ मेजरसाब," त्याने आपल्या रिवाजाचा नमस्कार केला. "तोफ मला द्या."

"सिद्राम, मागच्या खेपेला काय झालं?"

"मागच्या खेपेला मी कापड कापून राहिलो होतो. आज माप घेतो."

मेजरना ते काही कळलं नाही. पण दुसरा माणूस नव्हता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"ठीक हाय," मेजर म्हणाले. "पण ऐक. नांदेडवाल्यासमोर माझी इज्जत हाय. आज जर का तुझ्या तोफेपायी गढी गेली, तर या खोलीत तू पुन्हा यायचं ते कापड घेऊन. खेळाला न्हाई."

"अन् राहिली तर?"

मेजर थांबले. या माणसाने आजवर कुणाला 'तर' म्हटलं नव्हतं.

"तर खुर्ची तुझी. कायमची."

दुपारी एकच्या उन्हात प्राध्यापक भीमाशंकर आले. उंच, गोरे, त्या उन्हातही अंगात कोट, पोट जरा पुढं, बरोबर गंमत बघायला नांदेडची पाच-सहा मंडळी. येताना त्यांनी पाण्याचे दोन थर्मास आणले होते आणि ते दिसतील असे ठेवले. लाईट गेलेली, पंखा बंद. प्राध्यापकांनी कंपनीची बाजू घेतली, गढी मेजरची. बुरुजावरच्या एकुलत्या तोफेमागं सिद्रामप्पा उभा.

"हे कोण?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आमचे तोफची," मेजर म्हणाले.

"यांनीच मागं तुमची निशाणं शिवली ना?" नांदेडच्या मंडळींत खसखस.

खेळ सुरू झाला. गढीच्या दरवाजात मेजरनी सहा टाचण्या खोचल्या. कंपनीच्या तोफेचा एक गोळा लागला की एक टाचणी काढायची, सहा निघाल्या की दरवाजा पडला. कंपनीकडे दोन तोफा, बैलांनी ओढत आणलेल्या.

पहिल्या फेरीत सिद्रामप्पा ताठ उभा राहून म्हणाला, "एकतीस." टेप लावला. तोफ साडेएकोणतीसवर. गोळा दीड इंच मागे. दुसऱ्या फेरीत तेच, दीड इंच मागे, आणि प्राध्यापकांनी पहिली टाचणी काढली. तिसऱ्या फेरीत त्याने डोक्यात वजाबाकी केली, आकडा सांगितला, आणि गोळा दोन इंच अलीकडे एका बाभळीवर पडला. प्राध्यापकांच्या दोन्ही तोफा लागल्या. राहिल्या तीन टाचण्या.

मेजर हळू आवाजात म्हणाले, "सिद्राम."

मी कट्ट्यावरून त्याचा चेहरा पाहत होतो. त्याने एकदा त्या सहा-सात परक्या माणसांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या खुर्चीकडे. मग धोतर सावरलं आणि जमिनीवर गुडघे टेकले. हनुवटी टेबलाच्या कडेला आली.

नांदेडवाले हसले. एक जण म्हणाला, "तोफचीबुवा शरण आले." कुणी म्हणालं, "अहो, बटण पडलं असेल, शोधू द्या."

सिद्रामप्पाला ते ऐकूच आलं नाही. त्याचा एक डोळा मिटला. आता समोर टेबल नव्हतं; एक गिऱ्हाईक उभं होतं आणि घोट्यापासून कमरेपर्यंत किती ते सांगायचं होतं. वाढवायचं नाही, कमी करायचं नाही.

"पावणेसव्वीस," तो म्हणाला.

मेजरनी टेप लावला. पावणेसव्वीसवर कंपनीच्या तोफेचं चाक होतं. अगदी चाक. मेजरनी तोफ दोन बोटांनी उचलून टेबलाखाली ठेवली.

प्राध्यापकांची उरलेली तोफ त्या फेरीत चुकली. पाचव्या फेरीत त्यांनी ती बैलांसकट तिरकी नेऊन एका टेकडीच्या आडोशाला लावली; फक्त नळीचं तोंड बाहेर. सिद्रामप्पा गुडघ्यांवरच दोन वीत सरकला.

"साडेतेवीस."

टेप. दुसरी तोफ टेबलाखाली गेली.

आता प्राध्यापक उठले. "मेजर, ही लबाडी आहे. हे टेबलावरचं कापड यांनीच शिवलंय. चार पट्टे, तीन शिवणी. शिवण कुठं आहे ते यांना पाठ आहे. शिवणीवरून अंतर काढतायत."

मेजरचा चेहरा उतरला, कारण आरोपात दम होता. कापड खरंच त्याने शिवलं होतं. सिद्रामप्पा गुडघे झटकत उठला. भांडला नाही. प्राध्यापकांना डोक्यापासून चपलेपर्यंत एकदा पाहिलं, जसं कापड दुकानात पाहतात.

"सर, तुमचं कापड मी शिवलेलं न्हाई ना?"

"म्हणजे?"

"छाती साडेअडतीस. बाही तेवीस. डावा खांदा अर्धा इंच उतरलेला हाय, तुमच्या टेलरानं पॅड घातलंय ते उजवीकडं. पोट एक्केचाळीस."

"चाळीसपेक्षा जास्त नाही," प्राध्यापक पटकन म्हणाले.

मेजर टेप घेऊन पुढं झाले होतेच. छाती साडेअडतीस. बाही तेवीस. नांदेडची मंडळी आता पुढं सरकून बघू लागली, कारण परक्याच्या अपमानापेक्षा आपल्या माणसाचा अपमान जास्त गोड असतो. पोटावर टेप आला. चाळीस.

"बघा," प्राध्यापक दबक्या आवाजात म्हणाले.

सिद्रामप्पा नम्रपणे म्हणाला, "सर, श्वास सोडा."

श्वास सुटला. एक्केचाळीस. हसण्याचा एवढा कल्लोळ झाला की बाहेर टँकरच्या रांगेतली दोन पोरं खिडकीला येऊन लटकली. नांदेडचा एक जण थर्मासवर डोकं टेकून रडेपर्यंत हसला. आरोप तिथंच संपला.

पण खेळ संपला नव्हता. प्राध्यापक खेळाडू होते, हे कबूल केलं पाहिजे. तोफा गेल्या तर गेल्या, त्यांच्याकडे हत्ती होता. हत्ती दरवाजाला टेकला की टाचण्या असोत नसोत, दरवाजा पडला. हत्तीला गोळा लागला तरी तो फाशावर होता: चारच्या वर पडलं तर हत्ती बिथरतो, नाहीतर त्याला माशी बसल्यासारखं. सहाव्या फेरीत हत्ती झाडीतून बाहेर आला. सिद्रामप्पाने गुडघ्यांवरून अंतर सांगितलं, गोळा हत्तीच्या पोटावर पडला, आणि मेजरनी फासा टाकला तर एक.

मेजरनी कपाळाला हात लावला. सिद्रामप्पा म्हणाला, "फाशाचं माप मला येत न्हाई, मेजरसाब. तेवढं तुम्ही बघा."

सातव्या फेरीत प्राध्यापकांनी शहाणपणा केला. बुरुजावरची तोफ आठ इंचांच्या आत मारू शकत नाही, नळी तेवढी खाली झुकत नाही, असा नियम. त्यांनी हत्ती उचलला आणि जवळ, अगदी बुरुजाखाली आणून ठेवला. हात झटकले.

"आठाच्या आत आलो. आता तोफ मुकी. पुढच्या फेरीत दरवाजा."

मेजरनी पाहिलं, मान हलवली. त्यांनाही आठाच्या आतच वाटलं. मलाही. खोलीतल्या सगळ्यांना. सिद्रामप्पाने हनुवटी टेबलाला लावली. बराच वेळ लावला. त्याच्या नाकावरून घामाचा थेंब कंपनीच्या मुलखात पडला; त्या सालातला तिथला तेवढाच पाऊस.

"सव्वाआठ," तो म्हणाला.

"शक्य नाही," प्राध्यापक म्हणाले. "पाऊण इंच तरी आत आहे."

"सर, पुन्हा पोटावानी होईल."

मेजरनी टेप लावला. आधी स्वतः वाकून पाहिलं, मग प्राध्यापकांना दाखवलं, मग नांदेडच्या एकेकाला. हत्तीचा पुढचा पाय सव्वाआठवर होता. गोळा तिथंच पडला. राहिला फासा. मेजर फासा तळहातात घेऊन इतका वेळ खुळखुळवत राहिले की मी कट्ट्यावरून उतरलो.

पाच.

बिथरलेला हत्ती आल्या वाटेने मागं फिरतो आणि वाटेत येईल ते तुडवतो, असा नियम. आल्या वाटेवर प्राध्यापकांनी शिड्या घेतलेले अठरा शिपाई दाटीवाटीने लावून ठेवले होते, दरवाजा पडला की आत घुसायला. प्राध्यापकांना ते स्वतःच्या हाताने एकेक करून आडवे करावे लागले. आठवी फेरी नावापुरती झाली. निशाण बुरुजावर होतं.

मेजर उठले. आपल्या शेजारची खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी मागं ओढली.

"बसा, सिद्रामप्पा."

पहिल्यांदा 'बसा' आणि पहिल्यांदा पूर्ण नाव. सिद्रामप्पा बसला. कडेला नाही, पुरा टेकून बसला. धोतराला गुडघ्यांवर दोन मातीचे गोल होते, ते त्याने झटकले नाहीत. मग मेजरनी मोठी वही काढली. त्यात खेळणाऱ्यांची नावं असायची आणि पुढं हुद्दा: मेजर, वकील, प्राध्यापक. मेजरनी नाव लिहिलं आणि विचारलं, "हुद्दा काय लिहू? तोफखाना प्रमुख लिहितो."

"न्हाई," सिद्रामप्पा म्हणाला. "शिंपी लिहा."

"अहो, मी मानानं म्हणतोय."

"मी बी मानानंच म्हणून राहिलो."

मेजरनी शिंपी लिहिलं. प्राध्यापक भीमाशंकरांनी, त्यांना शोभेल असं, पहिला हात मिळवला आणि दुसऱ्या थर्मासातलं थंड पाणी स्वतः ओतून सिद्रामप्पापुढं धरलं. त्याने ते बसल्या जागी प्यायलं. मग हळूच विचारलं, "सर, तो खांदा नीट करून देऊ का? दोन दिवसांचं काम हाय."

ही बातमी गोलाईत पोचवायला मला सात मिनिटं लागली. ऊन होतं, नाहीतर पाच. कमलम्माने सगळं ऐकून घेतलं, हत्तीचं दोनदा सांगायला लावलं आणि खुर्चीला हात होते का ते विचारलं. होते म्हटल्यावर ती उठली, पदर नीट केला आणि भर दुपारी कोर्टाच्या बाजूला चालू लागली. रविवारी कोर्ट बंद असतं हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, भावाचं घर उघडं हाय की.